राजदूत होण्याचं आमिष आणि एका विद्याशाखेची उपासमार

मंडळी, आजचा विषय वरवर रुक्ष वाटेल, पण दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत तो पुष्कळ घरांत निघतो. पोरगी म्हणते, मला परराष्ट्र सेवेत जायचंय, म्हणून 'इंटरनॅशनल रिलेशन्स' घेते. वडील फीचा आकडा बघतात, जरा थांबतात आणि म्हणतात, राजदूत होणार असशील तर भरू.

हे 'तर' कुठून आलं? या अभ्यासक्रमांची माहितीपत्रकं एखादं पुस्तक वाचावं तशी नीट वाचली की उलगडतं. 'करिअरच्या संधी' या मथळ्याखाली पहिलं नाव भारतीय परराष्ट्र सेवेचं. पाठोपाठ संयुक्त राष्ट्रसंघ आणि दूतावास. 'संशोधन' हा शब्द असलाच तर यादीच्या तळाशी, संकोचून बसल्यासारखा. विद्यापीठ स्वतःचं जे खरं काम, ते सर्वांत शेवटी सांगतं आणि जे त्याच्या हातात नाही, ते सर्वांत आधी विकतं. आमची तक्रार आहे ती या क्रमाबद्दल.

हातात नाही असं का म्हणतो? परराष्ट्र सेवेत अधिकारी म्हणून थेट शिरायचा रस्ता म्हणजे संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा, आणि ती कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहे. मुख्य परीक्षेत गुणवत्तेसाठी धरले जाणारे लेखी गुण १७५० आणि मुलाखतीचे २७५. 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय घेतला, तर त्याचे ५००. त्यातही पहिला पेपर राजकीय सिद्धान्ताचा आणि भारतीय राजकारणाचा, म्हणजे आपला विषय येतो तो दुसऱ्यात. सामान्य अध्ययनात आणखी एक तुकडा. बस्स. आणि जागा? २०२३च्या परीक्षेतून आयोगानं १०१६ जणांची शिफारस केली, त्या वर्षी परराष्ट्र सेवेच्या जागा होत्या ३७. पुढच्या वर्षी ५५. हे आकडे सगळ्या देशाचे आहेत हं.

पुढे परराष्ट्र सचिव झालेल्या निरुपमा राव यांनी एम.ए. केलं ते आपल्या मराठवाडा विद्यापीठातून, आणि विषय होता इंग्रजी साहित्य. विजय गोखले इतिहासाचे. उलट बाजूला एस. जयशंकर आहेत, त्यांची डॉक्टरेट जेएनयूमधली आणि याच विषयातली. म्हणजे या पदवीनं वाट अडत नाही, पण उघडतही नाही.

इथवरचं बरंचसं कुठल्याही क्लासवाल्याला विचारलं तरी कळेल. आमचं खरं म्हणणं पुढे आहे. या आमिषानं विद्यार्थ्याचे पैसे जातात हे वाईटच, पण विषयाचं त्याहून मोठं नुकसान होतं. शिडी म्हणून विकलेला अभ्यासक्रम हळूहळू शिडीच्या मापाचा होतो. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद यांच्या टिपा. संघटनांची नावं आणि मुख्यालयं. मग 'भारत-इराण संबंध: आव्हाने व संधी', दहा मुद्दे, शेवटी पुढील दिशा. दोन वर्षांनी मुलगा हे दहा मुद्दे झोपेतही सांगतो, पण तेहरानच्या वर्तमानपत्राचा मथळा त्याला वाचता येत नाही. फारसीचा एक तासही त्याच्या वेळापत्रकात नव्हता. विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग असला, तरी तो दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या फीचा!

सुरुवात अशी नव्हती. १९५५ मध्ये दिल्लीत सप्रू हाउसला इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज निघालं, १९७० मध्ये ते जेएनयूत गेलं. एकेक प्रदेश धरून त्याचा इतिहास, अर्थकारण, भाषा असं सगळं शिकायचं, ही तिथली कल्पना. त्याच काळात परराष्ट्र मंत्रालयात ऐतिहासिक विभाग होता आणि त्याचे प्रमुख होते सर्वपल्ली गोपाल, म्हणजे पक्के इतिहासकार. चीनशी सीमेचा वाद पेटला, तेव्हा जुने कागद तपासायला गोपाल लंडनला गेले. त्यातून पुढे काढलेले निष्कर्ष बरोबर की चूक यावर वाद आहे, तो असू द्या. पण प्रश्न पडल्यावर सरकारला अभ्यासकाची गरज वाटली, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

पुढे हा धागा तुटला, आणि त्यात मंत्रालयालाही मोकळं सोडता येणार नाही. १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार पंचवीस वर्षांहून जुनी कागदपत्रं राष्ट्रीय अभिलेखागारात यायला हवीत. परराष्ट्र खात्याची आली ती उशिरा आणि तुटक-तुटक. कागद नाहीत, तर प्राध्यापक लिहिणार कशावर? कालच्या अग्रलेखावर. आणि असं लिखाण वाचून अधिकारी म्हणणार, विद्यापीठवाल्यांना काही कळत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणून तर गाडं हलत नाही.

यावर कोणी म्हणेल, अधिकाऱ्याला भाषा सेवेत गेल्यावर शिकवतातच की. शिकवतात. प्रशिक्षणानंतर प्रत्येकाला एक परदेशी भाषा मिळते, आणि गोखल्यांसारखे काही जण चिनी भाषेत चांगले मुरतात. पण अधिकाऱ्याची बदली साधारण तीन वर्षांनी होते. आज बीजिंग, उद्या बर्लिन. एकाच देशावर वीस वर्षं बसून राहणारा माणूस सेवेत तयार होणं कठीण. तो विद्यापीठातच तयार व्हायला हवा, आणि आपण तर त्यालाच परीक्षेच्या रांगेत उभं केलंय.

आपल्याकडे हे शहाणपण नवं नाही. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे. 'वकील' म्हणजे तेव्हा दरबारातला दूत, कोर्टातला नव्हे. बापामागून मुलांनी तेच काम केलं. कोण उमराव कोणावर रुसलाय, बादशहाचा खजिना किती रिकामा आहे, हे त्यांच्या पत्रांतून पुण्याला कळायचं. आणि सेतुमाधवराव पगडी सरकारी नोकरी करता-करता फारसी साधनांपर्यंत पोचले आणि त्यांतून त्यांनी मराठ्यांचा इतिहास लिहिला. कुठल्या माहितीपत्रकात त्यांचं 'करिअर' बसलं असतं?

तेव्हा प्रवेशाच्या खिडकीशी उभे राहाल, तेव्हा 'किती जण आयएफएस झाले' हे विचारू नका. कुठली भाषा शिकवता, आणि ती किती सत्रं? त्या भाषेतलं एखादं पुस्तक अभ्यासक्रमात आहे का? शिकवणाऱ्यांपैकी कोण त्या देशात राहून आलंय? ग्रंथालयात त्या देशाची नियतकालिकं येतात का, की फक्त स्पर्धा परीक्षांची मासिकं? उत्तर देताना समोरचा माणूस पुन्हा माहितीपत्रकच पुढे सरकवू लागला, तर फी भरण्याआधी दुसऱ्या इमारतीतल्या भाषा विभागातही एक चक्कर मारून या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.