डासांतील चयापचय, प्रजनन आणि प्रतिकारशक्ती : ‘ऊर्जावाटणी’च्या सिद्धान्ताची चिकित्सा

प्रस्तावना

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी आढळला. त्यानंतर दीर्घकाळ डासाकडे रोगाची ने-आण करणारे एक वाहन म्हणूनच पाहिले गेले. डासाची मादी हा स्वतः एक जीव आहे, तिला भूक आहे, संतती आहे आणि स्वसंरक्षणाची यंत्रणाही आहे, याचा गांभीर्याने विचार अलीकडच्या काही दशकांत सुरू झाला. या तिन्ही बाबींना जोडणारा एक सिद्धान्त सर्वपरिचित आहे. जीवाजवळील ऊर्जा मर्यादित असते. म्हणून अंड्यांसाठी जे खर्च होते ते प्रतिकारासाठी उरत नाही आणि प्रतिकारासाठी जे खर्च होते ते अंड्यांना मिळत नाही, असे हा सिद्धान्त सांगतो. सोय म्हणून त्यास येथे ‘ऊर्जावाटणीचा सिद्धान्त’ असे म्हटले आहे. उपलब्ध प्रयोगांच्या आधारे तो कितपत टिकतो, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

रक्तभोजनापासून अंड्यांपर्यंत

उडण्यासाठी लागणारी ऊर्जा मादी मुख्यत्वे फुलांतील मधुरसापासून मिळवते. एडिस इजिप्ती किंवा ॲनॉफिलीस गॅम्बी यांसारख्या जातींत अंडी तयार होण्यासाठी मात्र रक्त आवश्यक असते. मध्यांत्रात रक्तातील प्रथिनांचे पचन होऊन अमिनो आम्ले सुटतात आणि ती मेदपिंडापर्यंत पोहोचतात. मेदपिंड म्हणजे कीटकाच्या शरीरातील साठवण व संश्लेषणाचे प्रमुख ऊतक होय. तेथील ‘टॉर’ या संदेशमार्गाला अमिनो आम्लांची चाहूल लागते. मेंदूतून इन्सुलिनसदृश पेप्टाइडे स्रवतात, अंडाशयात एकडायसोन हे संप्रेरक तयार होते आणि त्याचे क्रियाशील रूप मेदपिंडाला व्हायटेलोजेनिन हे पीतक-प्रथिन बनविण्यास प्रवृत्त करते. मेदाची वाहतूक लायपोफोरिन करते. साधारण तीन दिवसांत अंडी परिपक्व होतात. टॉर मार्ग रोखल्यास व्हायटेलोजेनिनची निर्मिती घटते, हे हॅन्सन, रायखेल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एडिस डासात दाखविले.

येथे दोन गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे. जंतुनाशक पेप्टाइडांची निर्मितीही याच मेदपिंडात होते. शिवाय रक्तासोबत आलेला हिवतापाचा परजीवी साधारणतः एका दिवसानंतर, म्हणजे नेमक्या याच काळात, मध्यांत्राची भिंत ओलांडत असतो. ऊतक एक, काळ एक आणि कामे दोन, अशी ही स्थिती आहे. ऊर्जावाटणीची कल्पना स्वाभाविक वाटते ती यामुळेच.

सिद्धान्ताच्या बाजूचा पुरावा

या बाजूचा सर्वांत नेटका प्रयोग अहमद, हर्ड व सहकाऱ्यांचा, २००२ मधील आहे. त्यांनी ॲनॉफिलीस गॅम्बीच्या मादीला जिवंत जंतू न टोचता जीवाणूंच्या भित्तिकेतील एक घटक टोचला. संसर्ग नव्हता, केवळ प्रतिकारयंत्रणा जागी झाली होती. तरीही अंड्यांची संख्या घटली. परजीवीने केलेली हानी आणि प्रतिकाराची किंमत या दोहोंना वेगळे केले, हे या प्रयोगाचे मोठे श्रेय होय.

परंतु अंडी घटली म्हणजे ऊर्जा संपली, हे अनुमान त्यातून निघत नाही. हर्ड यांच्याच गटाने पुढे दाखविले, की अशा मादीच्या अंडाशयातील पुटकांच्या पेशी नियोजनबद्ध रीतीने स्वतःचा नाश घडवून आणतात. उपासमारीने खुंटणे निराळे आणि आदेशाने थांबणे निराळे. पहिले अभावाचे लक्षण आहे, तर दुसरे नियंत्रणाचे.

सिद्धान्ताला छेद देणारा पुरावा

२०१० मध्ये रोनो, लेवाशिना, मारोआ व सहकाऱ्यांनी ॲनॉफिलीस गॅम्बीमध्ये व्हायटेलोजेनिनचे प्रमाण कमी केले. तेव्हा प्रतिकारयंत्रणेतील टेप-१ हे प्रथिन परजीवीला अधिक प्रमाणात चिकटू लागले आणि परजीवी घटले. म्हणजे पीतक-प्रथिनाची उपस्थितीच प्रतिकाराच्या आड येते. हा संबंध दोन रेणूंमधील आहे; जमाखर्चाच्या भाषेत तो मावत नाही.

२०१९ मधील वर्लिंग, कॅटेरुचिया व सहकाऱ्यांचे काम अधिक मूलगामी आहे. ॲनॉफिलीस गॅम्बी आणि प्लास्मोडियम फाल्सिपेरम या निसर्गात आढळणाऱ्या जोडीत त्यांना अंड्यांची व परजीवीच्या पुटिकांची संख्या परस्परविरोधी न आढळता एकाच दिशेने बदलताना आढळली. एकडायसोनचा संदेश रोखला असता अंडी घटली, पुटिकाही घटल्या. मात्र उरलेल्या पुटिका अधिक वेगाने वाढल्या. अंड्यांना न लागलेला मेद परजीवीच्या कामी आला.

रेनॉल्ड्स, क्वोन व स्मिथ यांनी २०२० मध्ये हेच संप्रेरक टोचून प्रतिकार सबळ होतो, असा निष्कर्ष काढला. वरवर पाहता ही दोन मते विसंगत वाटतात. तथापि एका प्रयोगात संदेश रोखला होता, तर दुसऱ्यात संप्रेरक बाहेरून वाढविले होते. मात्रा आणि वेळ यांचा विचार न करता ‘प्रजनन विरुद्ध प्रतिकार’ असा सामना लावणे म्हणूनच फसवे ठरते.

एडिस डासाविषयी २०२१ मध्ये अल्मीर, पाँडेव्हिल व सहकाऱ्यांनी दाखविले, की साखरेच्या आहाराने आतड्यातील विषाणुविरोधी जनुके अधिक क्रियाशील होतात व संसर्गाला अटकाव होतो. येथे आहार हा केवळ इंधन नसून प्रतिकाराचा संकेतही आहे.

पद्धतीविषयक आक्षेप

पहिला आक्षेप असा, की ‘ऊर्जा’ या संज्ञेची निश्चिती झालेली नाही. अंडी घटली तर ऊर्जा प्रतिकाराकडे वळली, न घटली तर अन्न मुबलक होते, असे म्हणण्याची सोय राहते. जे कोणत्याही निष्कर्षाने खोटे ठरू शकत नाही, ते काहीच स्पष्ट करीत नाही. स्पर्धा असेल तर ती कोणत्या पदार्थासाठी, कोणत्या ऊतकात आणि कोणत्या वेळी, हे सांगितले पाहिजे. दुसरा आक्षेप असा, की प्रयोगशाळेतील मादीला साखरेचे द्रावण सदैव उपलब्ध असते. टंचाईचा सिद्धान्त विपुलतेत तपासला जातो. तिसरा आक्षेप नमुन्यांविषयी आहे. अनेक प्रयोग उंदरांच्या परजीवीवर आणि तीव्र संसर्गात झाले. निसर्गातील डासात बहुधा मोजक्याच पुटिका असतात. आफ्रिकेतील गॅम्बीवरील निष्कर्ष भारतीय शहरांतील ॲनॉफिलीस स्टीफेन्सीला परस्पर लागू करणेही योग्य नव्हे.

रोगनियंत्रणाच्या दृष्टीने महत्त्व

हा वाद केवळ तात्त्विक नाही. संप्रेरकाच्या मार्गात हस्तक्षेप करून मादीला वंध्य करण्याचा उपाय योजल्यास पुढची पिढी घटेल. पण हयात मादीतील परजीवी लवकर पक्व होऊन ती लवकर संसर्गक्षम होण्याचा धोका वर्लिंग यांच्या निष्कर्षातून सूचित होतो. केवळ अंडी मोजून अशा उपायाचे मूल्यमापन करता येणार नाही. याउलट वोल्बाकिया जीवाणूयुक्त एडिस डास सोडल्याने योग्यकर्ता येथील चाचणीत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हा जीवाणू विषाणूला कसा रोखतो याविषयी मतभेद आहेत. परंतु फळमाशीत कोलेस्टेरॉल वाढविल्यास हा अटकाव दुबळा होतो, असे २०१३ मध्ये आढळले. स्पर्धा असतेच, मात्र ती एका नाव सांगता येणाऱ्या पदार्थासाठी असते, याचे हे उदाहरण होय.

समारोप

ऊर्जावाटणीच्या सिद्धान्ताने संशोधनाला दिशा दिली, हे त्याचे ऋण मान्य करावे लागेल. तथापि मेदपिंड ही तिजोरी नव्हे. ते संदेश स्वीकारणारे आणि देणारे केंद्र आहे. चयापचय, प्रजनन व प्रतिकार ही एकाच जाळ्याची तीन टोके असून एक ओढले असता दुसरे कोठे सरकेल, हे पदार्थ, वेळ आणि जात यांवर अवलंबून राहते. अध्यापनातही हा सिद्धान्त नियम म्हणून न मांडता तपासावयाचे गृहीतक म्हणून मांडला गेला, तर विद्यार्थ्यांना निष्कर्षासोबत चिकित्सेची दृष्टीही लाभेल.