त्रयी आणि यती : स्पाँदच्या एका सुनीताची रचना

झाँ द स्पाँद (१५५७–१५९५) या फ्रेंच कवीची मृत्युविषयक १२ सुनीते १५८८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील अखेरचे सुनीत ही एक प्रार्थना आहे. जग, देह आणि बंडखोर देवदूत, म्हणजे सैतान, हे तीन शत्रू भक्तावर चालून येतात. त्यांची शस्त्रेही तीन : लाट, धक्का आणि मोहिनी. नौका, आधार आणि मोहिनीला बधिर असलेला कान हे त्यांवरील तीन उपाय. आणि ते भक्ताला ईश्वराचे मंदिर, हात व वाणी यांत लाभतात. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हा यथासंख्य अलंकार होय. अशा रचनेवर शाब्दिक कसरतीचा आरोप सहज येतो. छंदाचा विचार केल्यास मात्र तो टिकत नाही.

या छंदात, अलेक्झांद्रीनमध्ये, लघुगुरूंचा क्रम नियत नसतो. ओळीत १२ अक्षरे असतात आणि सहाव्यानंतर यती येतो. म्हणजे छंद द्विदल, तर आशय त्रिविध. साहजिकच दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या व सहाव्या ओळींत पूर्वार्धात दोन घटक दाटतात आणि तिसरा एकटाच उत्तरार्ध व्यापतो. चौथ्या ओळीत हा क्रम उलटतो. तेथे पूर्वार्धात एकच आघात आहे. उरलेली जागा ‘प्रभो’ या संबोधनाने घेतली असून ते नेमके यतिस्थानी संपते. वाणीला जेथे थांबणे भाग आहे, तेथेच ईश्वराचे नाव येते.

अष्टकाच्या अखेरच्या ओळीत हात एका अर्धात व वाणी दुसऱ्यात येऊन समतोल साधतो. पण षट्क तो लगेच मोडते. शत्रू पुन्हा उभे राहतात, तेही व्युत्क्रमाने. बाराव्या ओळीत तीन कर्त्यांना एकवचनी क्रियापद आहे. त्यात त्रैक्याचा सिद्धान्त पाहण्याचा मोह होतो. परंतु निकटच्या कर्त्याशी क्रियापदाचा मेळ घालणे सोळाव्या शतकातील फ्रेंचला संमत होते. त्यामुळे केवळ व्याकरणाच्या बळावर तो अर्थ सिद्ध होत नाही.

खरा पुरावा शेवटच्या दोन ओळींत आहे. मोहिनीचा नाश तेराव्या ओळीतच उरकल्यामुळे चौदाव्या ओळीसाठी दोनच शत्रुबळे उरतात : एका अर्धात धक्का, दुसऱ्यात लाट. मोडलेला समतोल पुन्हा साधतो, परंतु क्रियापदे भविष्यकाळी आहेत. छंदाला शांती लाभली आहे. भक्ताला अद्याप तिचा केवळ विश्वास आहे. प्रार्थनेचे मर्म या अंतरात आहे.