युद्धकाळ, सरकार आणि तुरुंगातलं एक पुस्तक

युद्धकाळात राज्यघटनेने सरकारचे हात किती बांधावेत, हा प्रश्न आज एका निकालाच्या आधारे तपासू. महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी.

२६ ऑक्टोबर १९६२ ला, चीनशी युद्ध चालू असताना, आणीबाणी जाहीर झाली. युद्ध महिनाभरात थांबलं. आणीबाणी मात्र १९६८ पर्यंत चालली. याच काळात भारत संरक्षण नियमांखाली संझगिरींना मुंबईत स्थानबद्ध केलं होतं. तुरुंगात त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानावरचं मराठी पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला सरकारने परवानगी नाकारली. उच्च न्यायालयात सरकार हरलं, सप्टेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरलं. तेव्हा पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं होतं, हेही ध्यानात घ्या.

या निकालाचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण त्यातला युक्तिवाद नीट बघा. न्यायालय म्हणालं, भारत संरक्षण कायद्याखाली ज्याचं स्वातंत्र्य गेलं, त्याच्यापुरताच राष्ट्रपतींच्या आदेशाने कोर्टाचा दरवाजा बंद झाला आहे. पुस्तक छापायला पाठवू नये, अशी अट स्थानबद्धतेच्या नियमांत नाही. म्हणून मनाई बेकायदा. ठीक. पण उद्या सरकारने तशी अट लिहूनच टाकली तर? म्हणजे इथे नागरिकाला तारलं ते मुख्यतः नियमात राहिलेल्या मोकळ्या जागेने.

माझा आक्षेप इथे आहे. ज्याला आवरायचं, त्याच्याच मसुद्यातून मर्यादा निघत असेल, तर तिला मर्यादा म्हणू नये. ती सवलत झाली. आणि सवलत काढून घेता येते. २७ जून १९७५ च्या आदेशातून ‘या कायद्याखाली’ ही अटच गेली. १९७६ मध्ये जबलपूर खटल्यात चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली, एकटे न्या. खन्ना विरोधात राहिले.

मग १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती आली. आता युद्धातसुद्धा कलम २० आणि २१ साठी कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित करता येत नाही. हा बांध पक्का, कारण तो आदेशाच्या शब्दांवर अवलंबून नाही. पण प्रतिबंधक स्थानबद्धतेत संरक्षण देणारं कलम २२ या बांधाच्या आत नाही. तेव्हा आपलं काम संपलं असं कुणी समजू नये.