सफरनाम्यातले पाणी

प्रवासवर्णन चांगले की वाईट, हे आपल्याकडे बहुधा भाषेवरून ठरते. किन्हवलीत राहून आम्हाला दुसरी कसोटी सुचते: मुशाफिराला पाणी कोणी पाजले, हे लेखक सांगतो का?

इब्न बतूताचा 'रिहला' या कसोटीवर वाचावा. १३५२ साली तो सिजिलमासाहून सहारा ओलांडायला निघाला. पंचवीस दिवसांनी तगाझा हे मिठाच्या खाणीचे गाव लागले. तिथली घरे आणि मशीद मिठाच्या चिरांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. पुढच्या निर्जल वाटेवर काफिला मसूफा जमातीचा एक माणूस आधी वलाता गावी पाठवी. त्याला तकशीफ म्हणत. त्याचा निरोप पोचला, की गावातले लोक पाणी घेऊन चार रात्रींच्या अंतरावर सामोरे येत. तकशीफ वाटेतच मेला, तर काफिल्याचाही घात होई. त्याची मजुरी शंभर मिस्काल सोने होती, हेही इब्न बतूता नोंदवतो. वाळवंटाची भीती आपल्यापर्यंत पोचते ती या हिशेबातून, विशेषणांतून नव्हे.

पण हाच लेखक तगाझाच्या खाणीत गुलाम राबतात हे एका वाक्यात सांगतो आणि खाऱ्या पाण्याची, माश्यांची तक्रार करू लागतो. १३५३ च्या परतीच्या काफिल्यात सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. त्यांच्या वाट्याला पाणी किती आले, हे तो विचारत नाही. लेखक थोर आहे म्हणून हा दोष झाकू नये.

आता आपला डोंगर. मुरबाडमधल्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढताना पावसाळ्यात वारा असा उसळतो, की धबधब्याचे पाणी उलटे वर उडते. वर सातवाहनकालीन लेणे आहे. तिथल्या ब्राह्मी लेखात दान दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापणे मोजलेली आहेत. जवळच मुशाफिरांसाठी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ती खोदणारे हात मात्र लेखात नाहीत.

आम्ही वाचलेल्या बहुतेक भटकंतीच्या लेखांतही तेच होते. वारा येतो, धुके येते, उलटा धबधबा येतो. पायथ्याच्या पाड्यात हंडाभर पाणी देणारी बाई येत नाही. येते ती 'भोळीभाबडी' होऊन, बिननावाची. आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात येऊन हिरवळ लिहून जाणाऱ्याने एकदा मे महिन्यात यावे. वाळवंट पाहायला त्याला सहारापर्यंत जावे लागणार नाही.

वर्गात मुलांना सहलीचे वर्णन लिहायला सांगताना आम्ही आता एक अट घालतो. पहिल्या ओळीत लिहायचे: वाटेत पाणी कुठे प्यालो आणि ते कोणी भरून ठेवले होते. मोठ्या लेखकांनाही ही अट लावायला काय हरकत आहे?