किनाऱ्यावर टेकलेला हात

परक्यांच्या युद्धात धावून जाणाऱ्या माणसाची ओळख आम्हां सोलापूरकरांना नव्याने करून द्यावी लागत नाही. १९३८ साली चीनला गेलेले आणि १९४२ साली तेथेच निवर्तलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्याच गावचे. परंतु डॉक्टर जखम बांधतो. छायाचित्रकार तिच्यासमोर कॅमेरा धरतो. दुसऱ्याचे दुःख टिपण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? दानिश सिद्दिकी यांची चित्रे पाहताना हा प्रश्न आम्हांला टाळता आला नाही.

रॉयटर्स वृत्तसंस्थेसाठी सिद्दिकी यांनी काही वर्षे मुंबईत राहून काम केले. सप्टेंबर २०१७ मध्ये म्यानमारमधून जीव वाचवून पळालेले रोहिंग्या नौकांतून बांगलादेशात उतरत होते. शाह परीर द्वीप येथील त्यांच्या चित्रात एक थकलेली स्त्री वाकून ओल्या वाळूला हात लावते आहे. निर्वासितांच्या चित्रांत अन्नासाठी पसरलेले हात आपण नेहमी पाहतो. हा हात काही मागत नाही. पायाखाली जमीन आहे ना, एवढेच तो चाचपून पाहतो. म्हणून आमच्या मनात दयेआधी आदर जागा होतो. रॉयटर्सच्या ज्या चित्रमालेला २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, तीत सिद्दिकी यांची चित्रे होती.

एप्रिल २०२१ मधील दिल्लीच्या स्मशानाचे चित्र मात्र आम्हांला अस्वस्थ करते. उंचावरून घेतलेल्या त्या चित्रात रांगेने पेटलेल्या चिता दिसतात. शोकाकुलांच्या खाजगी क्षणी असे डोकावणे योग्य काय, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. आमचा आक्षेप निराळा आहे. एवढ्या उंचीवरून माणूस हरवतो, ओळ तेवढी उरते. तरीही ती ओळ दाखवणे आवश्यक होते, हेही आम्ही मान्य करतो. संकटाचा आकार एका चितेजवळ उभे राहून कळला नसता. मात्र वाळूवरच्या त्या हाताची उंची या चित्राला लाभत नाही.

१६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्डक येथे वार्तांकन करीत असताना सिद्दिकी मारले गेले. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. मरणाने चित्रे थोर ठरत नाहीत. ती थोर ठरतात छायाचित्रकार कोठे उभा राहिला यावरून. आणि त्या किनाऱ्यावर सिद्दिकी त्या स्त्रीच्या शेजारी उभे होते. त्यांचा अधिकार तेथून येतो, असे आम्हांला वाटते.