तोंड पाहून दिलेला मान

उज्जैनचा क्षिप्रातीरीचा रामघाट मराठी वाचकाला अगदीच परका नाही. ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी शिंद्यांची राजधानी याच नगरीत होती, आणि महाकालेश्वराच्या मंदिराची पुन्हा उभारणी राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी केली. दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत असता, तेथे सिंहस्थ भरतो. १९८०, १९९२, २००४ व २०१६ या वर्षी तो भरला. पुढचा २०२८ साली यावयाचा आहे. मुख्य स्नानाच्या दिवशी कोणत्या आखाड्याने कोणत्या वेळी पाण्यात उतरावयाचे हे अगोदर ठरते व जाहीर होते. शैव आखाडे पलीकडे दत्त आखाड्याच्या घाटावर, वैष्णव अलीकडे रामघाटावर. आधी महंत, महामंडलेश्वर व त्यांचा परिवार, मागाहून यात्रेकरू. एरवीच्या दिवशी त्याच घाटावर तीर्थपुरोहित बसलेले असतात. त्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असतात, आणि कोण कोणाचा यजमान व कोणाची दक्षिणा कोणाकडे जावयाची हे सर्वांस ठाऊक असते.

हे दृश्य पाहून आपल्यापैकी पुष्कळांस प्रवचनाचा विषय सुचतो. प्रस्तुत लेखकास तो मोह नाही. मानाचा क्रम आपल्याकडेही आहे आणि यजमानीही आहे. रामघाटावर ती उघड्यावर मांडलेली आहे, आपण मात्र तिच्यावर 'सेवा' या शब्दाचे पांघरूण घातले आहे. ग्रामसणाच्या दिवशी वेदीसमोरील बाकांच्याही पुढे कोच मांडला जातो. त्यावर कोण बसणार हे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नाही, तरी कोणीही चुकत नाही. मिस्साबलिदानानंतरच्या सत्काराला मिस्साबलिदानाइतकाच वेळ लागतो. स्मरणिकेच्या पहिल्या पानांवर छायाचित्रे कोणत्या क्रमाने यावीत यावर जेवढा खल होतो तेवढा आतल्या मजकुरावर होत नाही. याला आपण आदर म्हणतो. 'फादरांच्या मर्जीतला' आणि 'फादरांच्या मर्जीतून उतरलेला' हे शब्दप्रयोगही आपल्याच गावांत रूढ आहेत. त्यांना मात्र आपण चहाड्या म्हणून बाजूला सारतो. वस्तुतः या दोन गोष्टी एकच आहेत, आणि पवित्र शास्त्र त्यांना एकाच नावाने ओळखते.

ज्या दोषाला आपण पक्षपात म्हणतो त्याला नव्या करारातील ग्रीक शब्द 'प्रोसोपोलेम्प्सिया' असा आहे. रोमकरांस, इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत आणि याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो येतो. अक्षरशः अर्थ 'तोंड घेणे'. त्याच्या मुळाशी 'नासा पानीम', म्हणजे 'तोंड उचलणे', हा इब्री वाक्प्रचार आहे. मराठीतील 'तोंड पाहून वागणे' आणि 'तोंडदेखलेपणा' हे शब्द या मुळाच्या इतके जवळ आहेत, की भाषांतरकाराला येथे फारसे श्रम पडू नयेत. अभ्यासक या वाक्प्रचारामागील चित्र असे सांगतात: कोणी श्रेष्ठापुढे साष्टांग पडला आहे, तोंड धुळीला लागले आहे, श्रेष्ठ हात पुढे करतो व ज्याच्यावर मर्जी आहे त्याचेच तोंड वर उचलतो. हे चित्र नीट पाहावे. तोंड उचलण्याची कृपा करावयाची तर अगोदर कोणी तरी पालथे पडलेले हवे. पाया पडणारा आणि मर्जी दाखविणारा ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. ज्या धर्मग्रामात अवाजवी मान आहे तेथे पक्षपात शोधावा लागत नाही. मान ही तेथली दक्षिणाच असते.

हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ आहे असे कोणास वाटल्यास त्याने 'प्रेषितांची कृत्ये' याचा दहावा अध्याय पुन्हा वाचावा. कर्नेल्य हा शताधिपती पेत्राच्या पाया पडतो; पेत्र त्याला उठवितो व आपणही मनुष्यच आहो असे सांगतो. थोड्याच ओव्यांनंतर तोच पेत्र तोंड उघडून म्हणतो, की देव तोंड पाहणारा नाही. या ठिकाणी योजलेला 'प्रोसोपोलेम्प्टेस' हा शब्द संपूर्ण नव्या करारात दुसऱ्या कोठेही नाही. पाया पडण्याचा नकार आणि पक्षपाताचा नकार लूकने एकाच घरात, एकाच भेटीत आणून ठेवले आहेत. आपण प्रवचनात हा अध्याय परराष्ट्रीयांच्या स्वीकारासाठी वापरतो, ते योग्यच आहे; पण पंचविसावी व सव्विसावी ओवी आपण घाईने वाचून टाकतो.

घरात साधलेले हे तत्त्व पेत्राला अंत्युखियात साधले नाही. यरुशलेमेहून माणसे येताच तो परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला. पौल हे गलतीकरांस कळवितो तेव्हा मंडळीतील 'आधारस्तंभ' मानल्या जाणाऱ्यांविषयी बोलताना त्याच अध्यायात तोंड न पाहण्याचा हाच वाक्प्रचार वापरतो, आणि मग पेत्राला सर्वांसमक्ष जाब विचारल्याचे सांगतो. पेत्राचे प्रेषितपद त्यामुळे गेले नाही आणि पौलाला कोणी बंडखोर ठरविले नाही. आपल्याकडे एखादा कॅटेकिस्ट सणाच्या जमाखर्चाविषयी विनयाने प्रश्न विचारतो आणि पुढल्या जूनमध्ये दूरच्या पाड्यावर त्याची बदली होते. बदलीच्या पत्रात कारण लिहिलेले नसते. त्याच्या जागी येणारा मनुष्य वाईट असतो असे नव्हे; त्याने प्रश्न विचारलेला नसतो, एवढेच. दहा वर्षांत अशा चार बदल्या झाल्या म्हणजे त्या परिसरात कोणी काही विचारीत नाही, आणि आपण वार्षिक अहवालात लिहितो की धर्मग्रामात ऐक्य नांदत आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. ज्या भगिनींच्या मठात त्या राहिल्या त्यांच्या त्या ऋणी होत्या. सिस्टर जेराल्डीन यांना तर त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. तरी दोन वर्षांच्या आतच वाद पेटला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात रमाबाईंनी इंग्रज तरुणांनाही शिकवावे काय, असा प्रश्न निघाला आणि मुंबई व लाहोरच्या बिशपांनी त्यास विरोध केला. भारतात तेवीस-चोवीस वर्षांच्या वयात भर सभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या बाईला हा निर्णय दुरून, तिला न विचारता कळविण्यात आला. १८८५ च्या मे महिन्यात त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेल्या पत्राचा आशय असा: भारतातील पुरोहितवर्गाचे जू मानेवरून नुकतेच उतरविले आहे, आता धर्मगुरूंच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द परमेश्वराची आज्ञा समजून तसलेच दुसरे जू घेण्याची माझी तयारी नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हाही प्रश्न याच पत्रव्यवहारातला.

ही पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनीच जपून ठेवली आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ती प्रसिद्ध केली. ती वाचताना सिस्टर जेराल्डीन यांच्याविषयी अन्याय करू नये. त्यांची तळमळ खरी होती, आणि आपल्याविरुद्धची पत्रे न फाडता ठेवणे ही सामान्य गोष्ट नाही. परंतु त्यांच्या युक्तिवादात एक जागा वारंवार येते व ती आपल्या ओळखीची आहे. रमाबाई धर्मसिद्धान्ताविषयी विचारतात, उत्तर विनयाविषयी मिळते. प्रश्न खरा की खोटा हे बाजूला राहते आणि विचारणारीच्या मनात गर्व आहे काय याची तपासणी सुरू होते. सेमिनरीत शिकताना व शिकविताना ही युक्ती आपण किती वेळा ऐकली, हे प्रत्येकाने आठवावे.

नारायण वामन टिळकांची कथा दुसऱ्या बाजूची. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, १९०४ साली अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनाचे नाते तोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. वेतन देणाऱ्या मिशनरी साहेबाच्या तोंडाकडे पाहत धर्म सांगणारा देशी सेवक स्वतंत्र उपासक होऊ शकत नाही, हे त्यांनी बावीस वर्षांच्या अनुभवातून जाणले होते. इतपत टिळक आपले गुरू खरेच. पण टीकाकाराने येथे थांबू नये. साहेबाची जागा रिकामी झाली तेव्हा तीत टिळक बसले. दरबार त्यांच्या व्यक्तित्वाभोवती उभा राहिला. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले आणि दरबार पुढे फार काळ टिकला नाही. देवाच्या नावाचा असला तरी तो दरबारच होता, आणि दरबाराला गादी लागते. अवाजवी मानाविरुद्ध उठलेली चळवळ पुष्कळदा नवा मानकरी देऊन जाते. आजच्या स्वतंत्र प्रार्थनासभांच्या जाहिरात-फलकांवर प्रभूपेक्षा पास्टरांचे छायाचित्र मोठे असते, ते याच जातीचे.

आक्षेप येईल तो ठाऊक आहे. पदाचा मान राखला नाही तर मंडळी विस्कळीत होईल, आणि गुरुजनांच्या पाया पडणे ही तर आपली संस्कृती. दुसऱ्या भागाचे उत्तर पंढरीच्या वाटेवर मिळते. वारकरी एकमेकांना माउली म्हणतात व एकमेकांच्या पाया पडतात. थोरला धाकट्याच्या पडतो तसा धाकटा थोरल्याच्या. दिंड्यांना क्रम आहे, चोखोबांची समाधी पायरीपाशीच आहे, तेव्हा त्या परंपरेतही सर्व काही सुखाचे नाही. पण दोन्ही बाजूंनी वाहणारा नमस्कार या मातीला माहीत आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते. आपला नमस्कार एकाच दिशेने वाहतो.

पहिल्या भागाचे उत्तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. चांगले अधिकार चालविणारे वडील दुप्पट सन्मानास योग्य, असे सतरावी ओवी म्हणते व ती आपल्या रौप्यमहोत्सवांत हमखास वाचली जाते. एकोणिसाव्या ओवीत वडिलांवरील आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून घेऊ नये असे आहे. म्हणजे साक्षीदार असल्यास तो घ्यावयाचा आहे. विसाव्या ओवीत दोषी वडिलांचा सर्वांसमक्ष निषेध सांगितला आहे आणि एकविसाव्या ओवीत हे सर्व पक्षपात न करता करण्याची शपथ घातली आहे. सन्मान, संरक्षण, चौकशी व निःपक्षपात असा हा सलग परिच्छेद आहे. त्यातली पहिली ओवी तोडून घेणे म्हणजे विक्रीखतातील फक्त मिळकतीचे वर्णन वाचणे होय.

आपली ख्रिस्तसभाही याविषयी मुकी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालच्या 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजात देवाच्या प्रजेविषयीचे प्रकरण अधिकारश्रेणीच्या प्रकरणाआधी ठेवले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा २१२ वा नियम श्रद्धावंतांना आपले मत धर्मपालांना कळविण्याचा हक्क देतो, आणि प्रसंगी ते त्यांचे कर्तव्य मानतो. ५३७ वा नियम प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे असे सांगतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २० ऑगस्ट २०१८ रोजी देवाच्या प्रजेला लिहिलेल्या पत्रात अत्याचारांच्या मुळाशी असलेल्या धर्मगुरुशाहीवर बोट ठेवले. ती धर्मगुरू जशी पोसतात तशी सामान्य श्रद्धावंतही पोसतात, हे त्यांनी स्पष्ट म्हटले. येथे कॅटेकिस्ट बंधुभगिनींनाही सुटका नाही. कोच मांडणारे हात आमचे नसतात.

पवित्र गुरुवारी आपण बारा जणांचे पाय धुतो. २०१६ च्या जानेवारीतील आज्ञेनुसार त्यांत स्त्रियाही असू शकतात. ते बारा जण कोण हे पुष्कळ ठिकाणी धर्मगुरू व दोन-चार प्रतिष्ठित मिळून ठरवितात, आणि पाय धुवून घेण्यासाठीही मानकऱ्यांचीच यादी होते. ज्यांच्यापुढे वाकलेले चालते त्यांच्यापुढेच आपण वाकतो. पुढील वर्षी ही यादी चिठ्ठ्या टाकून करावी. आर्थिक समितीच्या सभासदांची नावे व वर्षाचा जमाखर्च मंदिराच्या दाराशी लावावा. कॅटेकिस्टाच्या बदलीचे कारण लेखी द्यावे, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याचा उल्लेख त्याच कागदावर असावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी महागुरुस्वामींच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.