ड्रेझ चाचणी : 'गोल्ड स्टँडर्ड' म्हणण्याआधी मूळ पेपर वाचा



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. आमच्या जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर सांगत होते. एखादं रसायन डोळ्यात गेलं तर किती इजा करेल, हे प्राणी न वापरता ओळखायची पद्धत त्यात होती. शेवटच्या स्लाइडवर मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, 'सशावरच्या चाचणीशी ८० टक्के जुळते.' मागच्या बाकावरून एका सिनिअरने विचारलं, "आणि सशावरची चाचणी स्वतःशी किती जुळते गं?"

मी गप्प. उत्तर माहीत नव्हतंच, पण हा प्रश्न विचारता येतो हेही कधी सुचलं नव्हतं. माझ्या सिनॉप्सिसमध्ये त्या चाचणीसाठी 'गोल्ड स्टँडर्ड' हा शब्द तीनदा आला होता आणि मूळ पेपर मी एकदाही उघडला नव्हता. नंतर तो उघडला. आज त्याचीच समीक्षा करायची आहे.

पेपर कुठून आला?

१९४४ साली ड्रेझ, वुडर्ड आणि कॅल्व्हरी या तिघांनी तो लिहिला. तिघेही अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेतले. त्याची पार्श्वभूमी माहीत नसेल तर आपण त्यांच्यावर अन्याय करू. १९३० च्या दशकात अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्यांना लावायचा रंग विकला जात होता. त्यातल्या रसायनामुळे काही बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, काहींची दृष्टी गेली, एकीचा जीवही गेला. सरकारकडे तो रंग बाजारातून काढून घ्यायचा अधिकारच नव्हता. १९३८ च्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनं पहिल्यांदा नियंत्रणाखाली आली. मग पुढचा प्रश्न उभा राहिला : घातक काय आणि सौम्य काय, हे ठरवायचं कसं?

ड्रेझ यांच्या पेपरने याला उत्तर दिलं. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलीलिटर पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा, आणि ठरलेल्या वेळांना पाहून गुण द्यायचे. त्वचेसाठीही तसंच : केस काढलेल्या त्वचेवर पदार्थ लावून लाली आणि सूज यांना ० ते ४ गुण. याआधी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या शब्दांत 'थोडी लाली', 'बरीच सूज' असं लिहायची. या पेपरने सगळ्यांना एक भाषा दिली. हे काम मोठं आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता गणित पाहू

डोळ्याचे एकूण गुण ११०. त्यातले ८० कॉर्नियाला म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याला, १० आयरिसला आणि २० कंजक्टायव्हाला, म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग आणि पापणीची आतली बाजू झाकणाऱ्या पातळ आवरणाला. कॉर्नियाचे गुण असे काढायचे : धूसरपणा (० ते ४) गुणिले व्यापलेलं क्षेत्र (० ते ४) गुणिले ५. कंजक्टायव्हाचे गुण म्हणजे लाली (३ पर्यंत), सूज (४ पर्यंत) आणि स्राव (३ पर्यंत) यांची बेरीज गुणिले २.

वही घ्या आणि तीन ससे कल्पून पाहा.

पहिल्या सशाच्या जवळजवळ सगळ्या कॉर्नियावर हलकं धुकं आहे, आतली आयरिस स्पष्ट दिसते. १ × ४ × ५ = २०.

दुसऱ्याच्या कॉर्नियाचा एक छोटा कोपरा पार अपारदर्शक झालाय, त्यातून आतलं काहीही दिसत नाही. ४ × १ × ५ = २०.

तिसऱ्याचा कॉर्निया स्वच्छ आहे, पण डोळा लालभडक, सुजून अर्ध्याहून जास्त मिटलेला, सतत पाणी गळतंय. (३ + ४ + ३) × २ = २०.

तीन अगदी वेगळे डोळे, आकडा एकच! पहिल्याचं धुकं कदाचित काही दिवसांत जाईल. दुसऱ्याच्या डोळ्यात कायमचा डाग राहू शकतो. तिसऱ्याचे हाल सगळ्यात जास्त दिसतात, पण दृष्टी शाबूत राहण्याची शक्यता चांगली. आपल्याला नेमका जो फरक हवा होता, तोच बेरजेत हरवला.

असं का झालं? ० ते ४ हे क्रम आहेत, मोजमाप नाही. धूसरपणा '४' म्हणजे '२' च्या दुप्पट असं कुणी मोजलेलं नाही. वर्गातला दुसरा नंबर पहिल्यापेक्षा दुप्पट मागे नसतो, तसंच हे. क्रमांचे गुणाकार केले की उत्तर नेमकं दिसतं, पण अर्थ निसटतो. आणि ते '५' आणि '२' कुठून आले? ते निसर्गातून आलेले नाहीत, ती माणसांनी ठरवलेली वजनं आहेत. कॉर्नियाला जास्त वजन देणं समंजसपणाचंच होतं. पण शहाणपणाने घेतलेला निर्णय आणि मोजून मिळालेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी.

हा दोष पुढे नियम करणाऱ्यांनीही टाळला. आजच्या वर्गीकरणात ही बेरीज वापरत नाहीत. प्रत्येक लक्षणाचे २४, ४८ आणि ७२ तासांचे गुण वेगळे पाहतात, आणि इजा २१ दिवसांत भरून येते का, हेही पाहतात.

बघणाऱ्याचा डोळा

गुण देणारा माणूस असतो. मग दोन प्रयोगशाळा एकाच पदार्थाला सारखे गुण देतात का? १९७१ मध्ये वाइल आणि स्काला यांनी हेच तपासलं. दोन डझनांच्या आसपास प्रयोगशाळांना तेच पदार्थ आणि तीच कार्यपद्धती दिली. निकाल इतके विखुरले की एकाच पदार्थाला कुठे सौम्य म्हटलं, कुठे तीव्र. त्यांचा निष्कर्ष सरळ होता : काळजीपूर्वक पुन्हा प्रशिक्षण दिल्याशिवाय या चाचण्यांचे निकाल भरवशाचे नाहीत आणि नव्या नियमांत त्यांना प्रमाण पद्धत करू नये.

बरोबर दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, ओईसीडीच्या मार्गदर्शक सूचना ४०४ (त्वचा) आणि ४०५ (डोळे) आल्या. दोन्हींचा पाया ड्रेझचाच.

सिनिअरच्या प्रश्नाचं उत्तर मला २०१६ च्या एका विश्लेषणात सापडलं. युरोपच्या रसायन-नोंदणीतल्या ३,४२० पदार्थांवरच्या ९,७८२ ड्रेझ नेत्रचाचण्या संशोधकांनी एकत्र केल्या. एकाच पदार्थाची चाचणी पुन्हा झाली तेव्हा 'निरुपद्रवी' हा निकाल सुमारे ९४ टक्के वेळा पुन्हा आला. 'गंभीर इजा' हा सुमारे ७३ टक्के वेळा. मधल्या '२ए' या दाहक गटासाठी मात्र फक्त ३३ टक्के! गंभीर ठरलेल्या पदार्थाला पुढच्या चाचणीत निरुपद्रवी म्हटलं जाण्याची शक्यताही सुमारे १० टक्के निघाली.

म्हणजे चाचणी अगदीच टाकाऊ आहे असं नाही. टोकाची उत्तरं ती बऱ्यापैकी सांभाळते. मधे मात्र ती स्वतःशीच जुळत नाही.

मग माझ्या ८० टक्क्यांचं काय?

समजा, १०० पदार्थ घेतले आणि त्यातले ८० निरुपद्रवी आहेत. मी काहीही न करता प्रत्येकावर 'निरुपद्रवी' असा शिक्का मारला, तरी ८० टक्के जुळेल. एकही घातक पदार्थ न ओळखता! उलट, मधल्या गटातलेच पदार्थ निवडले तर अगदी अचूक पद्धतसुद्धा नापास दिसेल, कारण आन्सर-कीच चुकलेली. नेट-सेट देताना आपण आन्सर-कीवर हरकत नोंदवतो ना? संशोधनात मात्र तीच आन्सर-की डोळे मिटून छापतो.

त्वचेच्या नव्या चाचणीत हा पेच आणखी उघड दिसतो. २०१० च्या ओईसीडी सूचना ४३९ मध्ये माणसाच्या पेशींपासून वाढवलेली बाह्यत्वचा वापरतात. पदार्थ लावायचा, धुवायचा, ४२ तास थांबायचं आणि किती पेशी जिवंत आहेत ते पाहायचं. ५० टक्के किंवा त्याहून कमी राहिल्या तर पदार्थ दाहक. पेशी माणसाच्या, पण पद्धत पडताळताना खरं उत्तर मानलं ते सशाचं. २०१० मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत सशावर दाहक ठरलेल्या १६ पदार्थांपैकी फक्त ५ पदार्थांनी माणसाच्या त्वचेवर लक्षणीय दाह केला. उरलेल्या ११ पदार्थांना कृत्रिम त्वचेने 'निरुपद्रवी' म्हटलं, तर चूक कुणाची धरायची?

भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्यांवर बंदी आहे, त्यामुळे सशाचा विषय संपला असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ससा पिंजऱ्यातून बाहेर आला तरी त्याचे जुने निकाल आपल्या तक्त्यांमध्ये 'खरं उत्तर' या रकान्यात बसलेले आहेत. ज्या प्राण्यांनी ते सोसलं, त्यांच्या निकालांना आपण निदान नीट तपासून तरी वापरावं, असं मला वाटतं.

तुमच्यासाठी

ड्रेझ यांच्यावर माझा राग नाही. १९४४ मध्ये हातात होतं त्यातून त्यांनी काम उभं केलं. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे, नुसता संदर्भ देऊन पुढे जाणाऱ्यांबद्दल.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी आपल्या विषयातलं 'प्रमाण' कोणतं ते शोधा आणि त्याचा पहिला पेपर वाचा, निदान कार्यपद्धतीचा भाग तरी. त्यातला आकडा मोजलेला आहे की ठरवलेला, ते पाहा. तीच चाचणी पुन्हा केल्यावर तेच उत्तर येतं का, ते शोधा. आणि टक्केवारी लिहाल तेव्हा शेजारी नमुन्यात कोणत्या गटाचे किती पदार्थ होते, तेही लिहा.

माझ्या सिनॉप्सिसमधून 'गोल्ड स्टँडर्ड' तीनही ठिकाणांहून गेलं. त्याजागी आता लिहिलंय : 'तुलनेसाठी वापरलेली चाचणी, जिची पुनरावृत्तिक्षमता गटानुसार बदलते.' मॅडम म्हणाल्या, वाक्य जरा लांबलंय. पण त्यांनी ते खोडलं नाही.